सिनेमाची वही ठेवणारे आनंदन

सिनेमा तयार व्हायला कोणकोण माणसे लागतात, असे मागच्या एका बैठकीत आम्ही विचारले होते. हिरो, हिरोईन, गाणारे, नाचणारे, कॅमेरावाला, मारामारी शिकवणारा, कपडे शिवणारा, अशी भराभर उत्तरे आली. एक ताई म्हणाल्या, "चहावाला." तेही खरेच आहे. पण सिनेमाची प्रसिद्धी करणाऱ्याचे नाव एकीनेही घेतले नाही. त्यात नवल नाही. त्याचे कामच असे, की दुसऱ्याचे नाव सगळीकडे झाले पाहिजे आणि आपण मागे राहिले पाहिजे. आज आपण अशाच एका माणसाची माहिती घेणार आहोत. ते आपल्याकडचे नव्हते, चेन्नईचे होते. त्यांचे नाव फिल्म न्यूज आनंदन.

आधी हे काम काय असते ते बघू. सिनेमा कितीही चांगला असला तरी तो लागलाय हे लोकांना कळल्याशिवाय तिकीट कोण काढणार? आपल्या गटाने केलेल्या पापडासारखेच आहे ते. पापड उत्तम, पण बाजारात कुणाला माहीतच नाही. हे पहिल्यांदा ओळखले ते आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी. १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा सिनेमा म्हणजे काय हे लोकांना ठाऊक नव्हते. नाटक रात्रभर चालायचे, सिनेमा थोड्या वेळात संपायचा, मग पैसे का द्यायचे? तर फाळक्यांनी जाहिरातच अशी दिली, की ५७ हजार फोटो, दोन मैल लांबीचे चित्र आणि सगळे मिळून फक्त तीन आण्यांत. लोकांनी हिशेब केला आणि आले. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवली. म्हणजे सुरुवातीला प्रसिद्धीचे वेगळे खाते नव्हते, ज्याचा सिनेमा त्यानेच ओरडून सांगायचे.

धंदा वाढला तसे यासाठी वेगळे माणूस लागू लागले. त्याला जनसंपर्क अधिकारी म्हणतात, बोलताना पीआरओ. शूटिंग चालू असताना एक फोटोग्राफर वेगळे फोटो काढत असतो, त्यांना स्टिल म्हणतात. त्यातले चांगले निवडायचे, फोटोत कोण आहे ते लिहायचे, वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या कचेऱ्यांत नेऊन द्यायचे. पत्रकारांना सिनेमा आधी दाखवायचा. कथेचा सारांश आणि गाणी छापलेली छोटी पुस्तिका काढायची. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या बायकांना ही गाण्यांची पुस्तके आठवत असतील, थिएटरच्या दारात आणि आठवडे बाजारात मिळायची. सिनेमा उतरला की हा सगळा कागद रद्दी. पुढच्या शुक्रवारी दुसरा सिनेमा, दुसरे फोटो, दुसरी पुस्तिका.

आनंदन यांचे वेगळेपण इथे आहे. त्यांनी ती रद्दी टाकली नाही.

सिनेमाच्या जगात ते कॅमेरा घेऊन आले. 'फिल्म न्यूज' नावाच्या मासिकासाठी ते फोटो काढायचे, म्हणून लोक त्यांना फिल्म न्यूज आनंदन म्हणू लागले. पुढे ते मासिक कुणाच्या लक्षात राहिले नाही, पण ते नाव त्यांना आयुष्यभर चिकटले. आपल्याकडे नाही का, एखादीला 'शिवणक्लासवाल्या ताई' म्हणतात आणि क्लास बंद होऊन वीस वर्षे झाली तरी नाव तेच राहते.

१९५८ मध्ये 'नाडोडी मन्नन' नावाचा तमिळ चित्रपट आला. नाडोडी म्हणजे भटक्या आणि मन्नन म्हणजे राजा. एम. जी. रामचंद्रन, ज्यांना सगळे एमजीआर म्हणतात, त्यांनी तो स्वतः काढला, स्वतः दिग्दर्शन केले आणि राजा व साधा माणूस अशा दोन भूमिकाही स्वतःच केल्या. दिग्दर्शक म्हणून त्यांचे हे पहिलेच काम. होते नव्हते ते त्यात घातलेले. चालला तर राजा, नाही तर भटक्या, असे ते तेव्हा म्हणाल्याचे अजून सांगतात. चित्रपट जोरात चालला. हेच एमजीआर पुढे १९७७ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. याच चित्रपटाचे फोटो आणि माहिती वर्तमानपत्रांना पोचवण्याचे काम आनंदन यांच्याकडे आले. ते पत्रकारांमध्येच वावरलेले होते, कुठल्या कचेरीत कोण बसतो हे त्यांना ठाऊक होते. तमिळ सिनेमातले पहिले पीआरओ म्हणून त्यांचे नाव घेतात, ते या चित्रपटापासून. त्यानंतर त्यांनी शेकडो चित्रपटांचे हे काम केले.

काम करता करता त्यांनी एक सवय लावून घेतली. प्रत्येक चित्रपटाचा एक फोटो आणि गाण्यांची पुस्तिका आपल्याजवळ ठेवायची. चित्रपटाचे नाव, कुठल्या तारखेला लागला, पैसे कुणी घातले, दिग्दर्शन कुणाचे, कोणकोण नटनट्या, संगीत कुणाचे, हे सगळे लिहून ठेवायचे. फक्त आपण काम केलेल्या चित्रपटांचे नव्हे, सगळ्यांचे. आणि नुसते पुढचे नव्हे, मागचेही. तमिळ बोलपट सुरू झाला १९३१ मध्ये. आनंदन या कामात येण्याआधीची जवळजवळ पाव शतकाची माहिती त्यांना मागे जाऊन गोळा करावी लागली. यासाठी पगार देणारे कुणी नव्हते.

याचा उपयोग सुरुवातीला साधाच होता. चेन्नईत नटाचा शंभरावा चित्रपट म्हणजे मोठा सोहळा असायचा. शिवाजी गणेशन यांचा शंभरावा 'नवरात्री', १९६४ चा, आणि एमजीआर यांचा 'ओळि विळक्कु', १९६८ चा. आता शंभरावा म्हणायचा तर आधीचे ९९ मोजले पाहिजेत, आणि ते कोण मोजणार? नटाला स्वतःला सगळे आठवतेच असे नाही. एखादी तारीख, एखादे नाव, कोण पहिल्यांदा कुठल्या चित्रपटात आला, असा प्रश्न पडला की पत्रकार आणि अभ्यासक आनंदन यांच्याकडे जायचे. आपल्या गटात कर्जाचा कितवा हप्ता भरला यावरून वाद झाला की सगळ्या वहीवाल्या ताईकडे बघतात, तसेच.

पण या नोंदींचे खरे मोल कळायला सिनेमाची फीत कशी असते ते माहीत पाहिजे. जुन्या काळची फीत नायट्रेट नावाच्या पदार्थाची असायची. ती भयंकर पेट घेते, आणि एकदा पेटली की विझवणे अवघड. दमट हवेत ती चिकट होते, मग तिचा भुगा होतो. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असतो. सिनेमा जुना झाला की मालक ती फीत चांदी काढून घेण्यासाठी विकून टाकायचे. त्यांचेही फार चुकले असे आम्ही म्हणणार नाही. गोदामाचे भाडे द्यायचे कुठून, आणि जुना सिनेमा बघणार कोण? पण परिणाम असा झाला की आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यातले आज फार थोडे उरले. 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण नाही, काही भागच आहे. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा, आज कुठेच बघायला मिळत नाही.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मद्रासमध्ये पहिला तमिळ बोलपट लागला, 'कालिदास'. तमिळ म्हणायचा, पण तो तयार झाला आपल्या मुंबईत, 'आलम आरा' काढणाऱ्या आर्देशिर इराणींच्याच स्टुडिओत. तेव्हा मद्रासला बोलपट काढायची सोयच नव्हती. फितीचे डबे रेल्वेने मद्रासला पोचले तेव्हा लोकांनी स्टेशनवर फुले उधळली, नारळ फोडले, असे सांगतात. आज त्या चित्रपटाची फीतही नाही.

त्या चित्रपटाची नायिका होती टी. पी. राजलक्ष्मी. लहानपणीच लग्न झालेली आणि ते लग्न मोडलेली मुलगी. पोटासाठी नाटकात गेली. त्या काळी नाटकात काम करणाऱ्या बाईकडे लोक कसे बघत असतील हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. १९३१ मध्ये ती तमिळ बोलपटाची पहिली नायिका झाली. आणि पाच वर्षांनी, १९३६ मध्ये, तिने 'मिस कमला' नावाचा चित्रपट काढला. कथा तिची, पैसा तिचा, दिग्दर्शन तिचे आणि मुख्य भूमिकाही तिचीच. दक्षिणेतली पहिली दिग्दर्शिका म्हणून आज तिचे नाव घेतात. मैत्रिणींनो, १९३६ चे साल लक्षात घ्या. आपल्या आज्या तेव्हा परकरात असतील, किंवा जन्मायच्याच असतील.

आणि 'मिस कमला'सुद्धा आज बघायला मिळत नाही. म्हणजे राजलक्ष्मीने दिग्दर्शन केले हे आज आपण कशावरून म्हणायचे? तिचा चित्रपट तर दाखवता येत नाही. उरतो तो कागद. जाहिरात, गाण्यांची पुस्तिका, एखादा फोटो आणि कुणीतरी लिहून ठेवलेली ओळ की अमुक साली अमुक चित्रपट लागला आणि तो अमुक बाईने काढला. एवढेच उरले आहे आणि तेवढ्यावर तिचा मान टिकला आहे. आनंदन यांच्यासारख्या माणसांनी जे काम केले, त्याकडे आम्ही या नजरेने बघतो.

२००२ मध्ये आनंदन यांनी आपला सगळा संग्रह तमिळनाडू सरकारकडे दिला. लोकांना कायम बघता येईल असे प्रदर्शन व्हावे, हा त्यामागचा विचार. घरातल्या माणसांना किती अडचण सोसावी लागली असेल याचा विचार करा. हजारो फोटो, पुस्तिका, कात्रणे. आपल्या घरात एक जास्तीची पेटी ठेवायची म्हटले तरी भांडण होते.

दोन वर्षांनी, २००४ मध्ये, त्यांचे मोठे पुस्तक निघाले. तमिळ नावाचा अर्थ साधारण असा, की विक्रम घडवणाऱ्या तमिळ चित्रपटांचा इतिहास. ते गोष्टीसारखे वाचायचे पुस्तक नाही. १९३१ पासूनचे चित्रपट सालवार, त्यांच्या नोंदी आणि कुठली गोष्ट पहिल्यांदा कधी झाली याची माहिती. आपल्या भाषेत सांगायचे तर ती खातेवही आहे. ज्याला काही शोधायचे आहे त्याने उघडायची, शोधायचे आणि बंद करायची. अशा पुस्तकांची कुणी वाहवा करत नाही, पण पुढच्या दहा पुस्तकांचा पाया तेच असते. तमिळनाडू सरकारने त्यांना 'कलैमामणी' हा किताब दिला होता.

इथे एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. प्रसिद्धी करणाऱ्या माणसाने लिहिलेला इतिहास खरा मानायचा का? त्याचे पोट तर कौतुकावर भरते. पडलेल्या सिनेमालाही तो 'प्रचंड गर्दीत सुरू' म्हणणार. ही शंका आम्हालाही आली. मुंबईचे उदाहरण बघू. बनी रूबेन हे राज कपूर यांच्या चित्रपटांच्या प्रसिद्धीचे काम करायचे. त्यांनीही पुढे इंग्रजीत पुस्तके लिहिली. राज कपूर यांच्यावर १९८८ मध्ये, नंतर मेहबूब खान, दिलीपकुमार, प्राण यांच्यावर. ही माणसांची चरित्रे आहेत, जवळून पाहिलेल्या माणसाने लिहिलेली. आतल्या गोष्टी कळतात, हा त्यांचा फायदा. पण जवळच्या माणसाला सगळे दिसते, तसे काही गोष्टी तो झाकतोही आणि काही जास्त रंगवतोही. म्हणून असे पुस्तक वाचताना, सासरच्या गोष्टी माहेरी सांगणाऱ्या मुलीचे आपण ऐकतो तसे ऐकावे. प्रेमाने ऐकावे, पण दुसरी बाजूही विचारावी. आनंदन यांची वही वेगळी आहे. तारीख, नाव आणि आकडा यांना स्तुती कळत नाही. अमुक दिवशी चित्रपट लागला, एवढेच ती सांगते. तो चांगला होता की वाईट, आत कुणाचे कुणाशी भांडण झाले, हे तिच्यात शोधू नये. दोन्ही प्रकार हवेत, पण आधी वही हवी असे आमचे मत आहे. वही नसेल तर गोष्ट सांगणारा काहीही सांगू शकतो.

आपल्या पुण्यातही असाच एक माणूस होऊन गेला, पी. के. नायर. ते जन्माने केरळचे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, ते उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा. ते लहानपणी सिनेमाची वापरलेली तिकिटेसुद्धा जपून ठेवायचे. पुढे फाळक्यांच्या चित्रपटांचे जे काही उरले होते ते त्यांनी मिळवून संग्रहालयात आणले. नायर यांनी फिती सांभाळल्या, आनंदन यांनी कागद सांभाळला. दोघेही २०१६ च्या मार्च महिन्यात गेले, नायर ४ तारखेला आणि आनंदन २१ तारखेला.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात हे सिनेमाचे पुराण कशाला? कारण सांगतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री आपण सगळ्या तोंडपाठ म्हणतो. पहिली चार सूत्रे पैशाची, म्हणून ती सांभाळली जातात. पाचवे सूत्र म्हणजे बँकेसाठी वही पूर्ण करायची, असा समज झाला आहे. कर्ज मंजूर झाले, फिटले, नवी वही सुरू झाली की जुनी कुठे जाते? आमच्या भागातल्या एका जुन्या गटाची पहिली वही घर शाकारताना रद्दीत गेली. त्या वहीत, पहिल्या बैठकीला कोण दहा जणी जमल्या होत्या, कुणाच्या ओट्यावर जमल्या होत्या, दर आठवड्याला किती रुपये ठरले होते, हे होते. त्या दहांपैकी चौघी आता नाहीत. उरलेल्यांना दहा नावे जमवता जमवता संध्याकाळ झाली आणि तरी एका नावावर एकमत झाले नाही.

दुसरी गोष्ट. बायकांनी सह्या गोळा केल्या, मतदान घडवून आणले, गावातली बाटली आडवी केली. काही वर्षांनी त्याच गावात कार्यक्रम होतो, फलक लागतो, भाषणे होतात आणि श्रेय घ्यायला भलतेच लोक पुढे येतात. आपण चिडतो. पण सह्यांच्या कागदाची प्रत कुणाकडे आहे? फोटो कुणाकडे आहे? फोटो होता, तो मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल बिघडला. राजलक्ष्मीचा चित्रपट गेला तरी तिचे नाव कागदावर राहिले. आपला कागदच गेला तर आपण काय दाखवणार?

म्हणून आमचा आग्रह असा, की प्रत्येक गटाने हिशेबाच्या वह्यांशिवाय एक साधी दोनशे पानी वही करावी. आनंदन नोंदवायचे तेच रकाने आपल्याला चालतील. काय झाले, कधी झाले, पैसे कुठून आले, पुढाकार कुणाचा, सोबत कोणकोण होते. मोठे वर्णन नको, चार ओळी पुरेत. नावे लिहिताना 'सरपंचांच्या मिसेस' किंवा 'पाटलीणबाई' असे लिहू नका, बाईचे स्वतःचे नाव आणि आडनाव लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, शाळेत जाणाऱ्या मुलींकडून लिहून घ्यावे. मुलींनाही त्यातून गटाची ओळख होते. जे फसले तेही लिहा. शेळ्या दगावल्या, मसाल्याचा माल परत आला, हे वहीत पाहिजे. आपण काही पीआरओ नाही, सगळे 'प्रचंड गर्दीत सुरू' लिहायची आपल्याला गरज नाही.

आणि मागचेही लिहा. आनंदन यांनी पाव शतक मागे जाऊन माहिती जमवली. गट सुरू करणाऱ्या म्हाताऱ्या बायका अजून आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. एकीचे ऐकून थांबू नका, दोघीतिघींना विचारा. तारीख आठवत नसेल तर 'तो मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षी' किंवा 'थोरल्याच्या लग्नाआधी' असे विचारले की साल बरोबर सापडते.

फोटोंचे दोन शब्द. महत्त्वाचा फोटो मोबाइलमध्ये न ठेवता छापून घ्या. तालुक्याच्या स्टुडिओत थोड्या पैशांत होतो. मागच्या बाजूला पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे, गाव आणि तारीख लिहा. बॉलपेनने दाबून लिहिले तर पुढे उमटते. वह्या आणि फोटो जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल चढते. पत्र्याच्या पेटीत, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत पाणी सुटते. पावसाळा संपला की एकदा पेटी उघडून सगळे सावलीत पसरून वारा द्या. पेटी कुणाच्या घरी आहे ते ठरावात लिहा, म्हणजे पदाधिकारी बदलल्या तरी शोधावी लागणार नाही.

दिवाळीची झाडलोट जवळ आली आहे. रद्दीवाला दारात यायच्या आत एकदा माळ्यावर चढून बघा. जुन्या वह्या सापडल्या तर पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. आम्ही येऊ, मिळून पहिले पान वाचू.